वॉर्डातल्या इन्फेक्शनचा हिशोब कसा मांडायचा आणि पैसे कुठे घालायचे: कोकणातल्या छोट्या हॉस्पिटलांसाठी

हे लिहितोय ते दहा ते तीस खाटांच्या हॉस्पिटलांसाठी, म्हणजे चिपळूण, रत्नागिरी, लांजा, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात जशी असतात तशी, खाली ओपीडी, एक ओटी (ऑपरेशन थिएटर), दोन जनरल वॉर्ड, तीनचार स्पेशल रूम, बाजूला मेडिकल आणि वर डॉक्टरांचं घर. मी डॉक्टर नाही, हॉस्पिटलांचे हिशोब बघतो, त्यामुळे कोणतं औषध किती द्यायचं ते तुमच्या सर्जनला आणि मायक्रोबायोलॉजिस्टला विचारा. पण इन्फेक्शन कंट्रोलचा विषय काढला की मालक डॉक्टर पहिलं विचारतात "खर्च किती येईल", आणि आत्ता इन्फेक्शनपायी किती जातायत हे कोणीच विचारत नाही, कारण तो खर्च कुठल्याच खात्यावर त्या नावाने पडत नाही. औषधं मेडिकलच्या खात्यात, ड्रेसिंग कन्झ्युमेबल्समध्ये, अडकलेली खाट कुठेच नाही. म्हणून आधी तो आकडा बाहेर काढायचा आणि मग कुठे किती खर्च करायचा ते ठरवायचं, उलटं नाही.

आधी मोजा, पण नीट मोजा

हॉस्पिटलमधलं इन्फेक्शन म्हणजे पेशंट येताना जे घेऊन आला नव्हता ते. ढोबळ नियम असा की दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर जे सुरू झालं ते आपलं. ऑपरेशनच्या जखमेसाठी ३० दिवस धरतात आणि आत प्लेट, जाळी, इम्प्लांट वगैरे ठेवलं असेल तर बऱ्याच ऑपरेशनांना ९० दिवस. आता आपल्याकडे यात एक घोळ होतो. जुलै-ऑगस्टमध्ये भाताच्या लावणीतनं आलेला माणूस पाय मोडला म्हणून दाखल होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप येतो. ४८ तासांचा नियम डोळे झाकून लावला तर ते तुमच्या नावावर पडेल, पण लेप्टो (साचलेल्या पाण्याचिखलातनं होणारा जंतुसंसर्ग) अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात, डेंग्यू आणि स्क्रब टायफसलाही दोन दिवसांपेक्षा जास्तच लागतात, म्हणजे तो ताप शेतातनंच आलेला असू शकतो. पावसाळ्यात मोजताना हे बघितलं नाही तर आकडा फुगतो, मग डॉक्टर म्हणतात तुमचं रजिस्टरच चुकीचं, आणि सगळं बारगळतं.

चार प्रकार जगभर मोजतात: ऑपरेशनची जखम, कॅथेटरमुळे (लघवीची नळी) लघवीचं, सेंट्रल लाईनमुळे (मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) रक्तातलं आणि व्हेंटिलेटरमुळे फुप्फुसाचं. तुमच्याकडे आयसीयू नसेल तर शेवटचे दोन सोडून द्या. जखम, कॅथेटर आणि तिसरं म्हणजे व्हेनफ्लॉनची (सलाईनसाठी हाताच्या शिरेत ठेवलेली बारीक नळी) जागा सुजणं, एवढं पुरे. एक वही घ्या, संगणक नको, कारण सॉफ्टवेअर आलं की दोन महिने त्याच्या ट्रेनिंगमध्येच जातात. किती ऑपरेशनं झाली, त्यातल्या किती जखमा बिघडल्या. कॅथेटर किती पेशंटना किती दिवस होतं त्या दिवसांची बेरीज, आणि इन्फेक्शन किती, मग दर १००० कॅथेटर-दिवसांमागे किती ते काढायचं. नुसते "या महिन्यात ३" असं लिहिलंत तर त्याला काही अर्थ नाही, कारण मे महिन्यात चाकरमानी घरी असतात, ठरवून करायची ऑपरेशनं तेव्हा उरकतात, ऑपरेशनंच दुप्पट तर इन्फेक्शनही जास्त दिसणार.

जखमेचं सगळ्यात अवघड म्हणजे ती बिघडते घरी गेल्यावर. टाके काढायला पेशंट येईलच असं नाही, दापोलीच्या आतल्या गावातला माणूस जवळच्या पीएचसीत (सरकारी आरोग्य केंद्रात) जाऊन टाके काढतो, पू झाला तर तिथेच ड्रेसिंग करून घेतो आणि तुम्हाला वाटतं आपल्याकडे सगळं छान चाललंय. म्हणून फोन करायचा, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी, तीन प्रश्न: जखमेतनं पाणी किंवा पू येतोय का, लाल-गरम झालीय का, कुठल्या डॉक्टरांनी परत अँटिबायोटिक चालू केलं का. जखमेचा फोटो व्हॉट्सॅपवर मागवा. रेंज नसलेली गावं आपल्याला माहीतच आहेत, तिथे आशाताईंची मदत होते. पहिल्या दोनतीन महिन्यांत आकडा वाढलेला दिसेल, घाबरू नका, इन्फेक्शन वाढलेलं नसतं, ते आता तुम्हाला दिसायला लागलंय.

अंदाज यावा म्हणून सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात श्रीमंत देशांत १०० दाखल पेशंटमागे ७ आणि गरीब-मध्यम देशांत १५ जणांना किमान एक तरी असं इन्फेक्शन होतं असं दिलंय, आणि ज्यांना होतं त्यातला साधारण दहातला एक दगावतो. तेव्हा तुमच्या वहीत वर्षभर शून्य आलं तर वहीवर संशय घ्या.

एका इन्फेक्शनची किंमत काढा

इथे बहुतेक जण चुकतात. बिल काढून बघतात, त्यात महागडं इंजेक्शन दिसतं आणि म्हणतात इन्फेक्शनचा खर्च म्हणजे हा. औषध हा त्यातला छोटा भाग असतो, मोठा भाग म्हणजे खाट. हॉस्पिटलचा बराचसा खर्च, म्हणजे पगार, कर्जाचा हप्ता, लाईटबिल, हा पेशंट असो नसो चालूच असतो. पेशंट पाच दिवस जास्त राहिला म्हणून सिस्टरचा पगार वाढत नाही, पण त्या पाच दिवसांत त्या खाटेवर नवीन पेशंट आला असता तो परत गेला, ते नुकसान. आणि इथेच कोकणाचं गणित वेगळं होतं. जुलै ते सप्टेंबर वॉर्ड फुल असतात, ताप, लेप्टो, सर्पदंश, घसरून मोडलेले हातपाय, खाटेला किंमत असते. जानेवारीत निम्म्या खाटा रिकाम्या असतील तर एक खाट मोकळी होऊन हॉस्पिटलला फक्त औषध आणि ड्रेसिंग वाचतं. म्हणून वर्षाचा एकच भाव लावू नका, भरलेल्या महिन्यांचा वेगळा, रिकाम्यांचा वेगळा.

एक उदाहरण करून बघू. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका. वीस खाटा, वर्षाला ४०० ऑपरेशनं, ५ टक्के जखमा बिघडतात, म्हणजे २०. प्रत्येकी ५ दिवस जास्त. एका खाट-दिवसामागे खर्च वजा जाता हॉस्पिटलला १,५०० सुटतात असं धरलं तर ७,५०० झाले, वर जास्तीची औषधं, ड्रेसिंग, कल्चर (जंतू ओळखायची लॅब तपासणी) मिळून ४,०००. एका इन्फेक्शनचे ११,५००. वीसचे २ लाख ३० हजार.

आता यातली किती टळतील? सगळी टळणार नाहीत. अमेरिकेत सत्तरच्या दशकात सेनिक नावाचा मोठा अभ्यास झाला, १९८५ ला छापून आला, त्यात दिसलं की नीट मोजणी, नीट नियम आणि त्यासाठी नेमलेली माणसं असतील तर साधारण एक तृतीयांश इन्फेक्शनं टळतात. नंतर काही ठिकाणी जास्तही टळली, मिशिगनच्या शंभरावर आयसीयूंमध्ये सेंट्रल लाईनची पाच कामांची साधी चेकलिस्ट लावून १८ महिन्यांत रक्तातली इन्फेक्शनं ६६ टक्क्यांपर्यंत खाली आली, २००६ चा अभ्यास आहे. पण हिशोबाला एक तृतीयांशच धरा. म्हणजे ७ टळली, ८०,५०० वाचले.

खर्चाच्या बाजूला: एका सिस्टरला या कामासाठी महिन्याला ३,००० जास्तीचे, वर्षाचे ३६,०००. हँडरब (हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण), जागतिक आरोग्य संघटनेचा किमान अंदाज १००० पेशंट-दिवसांमागे २० लिटर, तुमच्या खाटा ७० टक्के भरत असतील तर वर्षाचे साधारण ५,१०० पेशंट-दिवस, म्हणजे १०२ लिटर, २५० रुपये लिटर धरला तर २५,५००. ऑटोक्लेव्हच्या (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) टेप, इंडिकेटर, स्पोअर टेस्ट मिळून १२,०००. एकूण ७३,५००.

म्हणजे सुटले किती, तर ७,००० रुपये. हो, एवढेच. "एक रुपया घाला आणि दहा मिळवा" असं जे सेमिनारात दाखवतात ना, ते वीस खाटांच्या हॉस्पिटलला तसं होत नाही, हिशोब काठावरच पडतो. फक्त याच उदाहरणात भरलेल्या महिन्यांचा भाव, खाट-दिवसाला २,५०० टाकून बघा, एका इन्फेक्शनचे १६,५०० होतात, सातचे १ लाख १५ हजार, आणि शिल्लक ४२,००० वर जाते. शिवाय हँडरबमुळे कॅथेटरची आणि व्हेनफ्लॉनची इन्फेक्शनं कमी होतात ती यात धरलेलीच नाहीत, आणि एखादा पेशंट परत ओटीत घ्यावा लागला किंवा अँब्युलन्सने कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला पाठवावा लागला तर सगळा हिशोब एका फटक्यात फिरतो.

पैसे नक्की कोणाच्या खिशातनं जातायत

ही पायरी कोणी उघडपणे लिहीत नाही. पेशंट रोख बिल भरणारा असेल तर इन्फेक्शनचे दिवस कागदावर हॉस्पिटलचं उत्पन्न असतात. खाटेचं भाडं लागतं, व्हिजिट लागते, मेडिकल आपलंच असेल तर महागड्या अँटिबायोटिकवर मार्जिनही सुटतं. मुद्दाम कोणी करत नाही, मला तसं म्हणायचंही नाही, पण जे कमी करून स्वतःचं उत्पन्न घटतं त्याच्यामागे कोणी हात धुऊन लागत नाही. हा बोजा पेशंटच्या घरावर पडतो. औषधांचे पैसे तर आहेतच, शिवाय सोबत राहणाऱ्या माणसाची मजुरी बुडते, येण्याजाण्याचं रिक्षाभाडं, घरी लावणी किंवा काजू-आंब्याचा सीझन चालू असेल तर तेही गेलं. वरच्या उदाहरणात पाच दिवस दोन माणसांची ५०० रुपये रोजाने मजुरी धरा, ५,००० झाले, सात घरांचे ३५,०००, जे हॉस्पिटलच्या वहीत कधीच येत नाहीत.

पॅकेजचा, म्हणजे सरकारी योजनेतला, पेशंट असला की चित्र उलटं. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मानमध्ये ऑपरेशनचा दर ठरलेला, पेशंट चार दिवस राहिला काय आणि बारा दिवस राहिला काय, पैसे तेवढेच. आयुष्मानच्या पॅकेजात तर डिस्चार्जनंतरचे १५ दिवसही धरलेले असतात, आणि जखम नेमकी त्याच दिवसांत चिघळते. म्हणजे ते ड्रेसिंग, ते औषध तुमच्या खिशातलं. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने ऑक्टोबर २००८ पासून ठरावीक हॉस्पिटल-इन्फेक्शनांचे जास्तीचे पैसे देणंच बंद केलं, आपल्याकडे पॅकेजमुळे न बोलता साधारण तेच होतंय. तेव्हा तुमच्या ऑपरेशनांपैकी योजनेतली किती, रोखीची किती, विम्याची किती हे काढा. योजनेचा वाटा निम्म्यावर असेल तर वरचा काठावरचा हिशोब एकदम पटण्यासारखा होतो, मालकांना हाच तक्ता दाखवा.

नवीन खर्च करायच्या आधी फुकट जाणारे पैसे थांबवा

माझी आवडती पायरी, कारण इथनं बाकीच्या सगळ्याचा खर्च निघतो.

ओटीत दर शनिवारी फॉर्मलिनची धुरी. पिढ्यान् पिढ्या चाललंय. फॉर्मल्डिहाईड कॅन्सरकारक यादीत पहिल्या गटात आहे, मामांच्या (वॉर्डबॉयच्या) डोळ्यांना धारा लागतात, आणि साबणपाण्याने पुसून मग जंतुनाशकाने नीट पुसलेल्या ओटीला नेहमीच्या धुरीची गरज नसते. तसंच दर महिन्याला भिंतीचे, जमिनीचे स्वॅब कल्चरला पाठवणं. रिपोर्ट छान फाईलला लागतो पण त्याने पेशंटला काही फरक पडत नाही, साथ आली असेल तेव्हा शोधायला म्हणून करा, नेमाने नको. दारातली चिकट मॅट, वॉर्डात जाताना बुटांवर चढवायची पिशवी, हेही त्याच रांगेत.

ऑपरेशननंतर पाच-सात दिवस "कव्हर" म्हणून चालणारं अँटिबायोटिक. स्वच्छ (आधी पू किंवा इन्फेक्शन नसलेल्या) ऑपरेशनला काप घेण्याआधी तासाभरात दिलेला डोस सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक वेळा २४ तासांच्या पुढे चालू ठेवून जखमेला जास्तीचं काही मिळत नाही, मिळतात ते औषधाला दाद न देणारे जंतू. निर्णय सर्जनचाच, पण त्यांच्यासमोर मेडिकलचा वर्षाचा अँटिबायोटिकचा आकडा ठेवा. योजनेच्या पेशंटमध्ये हे थेट वाचतं. रोखीच्या पेशंटमध्ये मेडिकलचं मार्जिन कमी होतं हेही खरं, ते आधीच सांगून टाका, नाहीतर चारपाच महिन्यांनी मेडिकलवाला सांगणारच आहे.

सगळ्यात जास्त ग्लोव्हज कुठे जातात तेही बघा. बीपी मोजायला, सलाईन बदलायला ग्लोव्हज, आणि एकच जोडी घालून तीन पेशंट. हात स्वच्छ केले असते तर ग्लोव्हज लागलेच नसते.

मग हात

१८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाईसने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावून बाळंतपणातले मृत्यू खाली आणले, तेव्हापासून यापेक्षा स्वस्त काही निघालेलं नाही. पाच वेळा लक्षात ठेवायच्या: पेशंटला हात लावायच्या आधी, सुई-कॅथेटर-ड्रेसिंगच्या आधी, रक्त-लघवी-पू लागायची शक्यता असलेल्या कामानंतर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या खाटेला-टेबलाला हात लावल्यावर. हँडरबने २०-३० सेकंद, हात दिसायला घाण असतील तर साबणपाण्याने ४० ते ६० सेकंद.

बाटली कुठे आहे यावर सगळं अवलंबून. वॉर्डाच्या दारात एक लावली तर कोणी वापरत नाही, खाटेच्या पायथ्याला हवी. नातेवाईक घेऊन जातील ही भीती असते, जातातही काही, तर स्टँड भिंतीला स्क्रू करून टाका. स्वतः बनवायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला आहे: ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली, आणि उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी घालून एकूण १० लिटर, मग ७२ तास बंद ठेवायचं. पण त्यासाठी स्पिरीटचा परवाना, आगीची काळजी, फार्मासिस्टची देखरेख हे सगळं आलं. एका हॉस्पिटलने करण्यापेक्षा तालुक्यातल्या पाचसहा जणांनी मिळून मोठे कॅन विकत घेतले तर भाव चांगला पडतो आणि डोक्याला ताप नाही. महिन्याला किती लिटर संपलं तेवढं लिहा. कोणी हात धुतले कोणी नाही यावर पाळत ठेवण्यापेक्षा रिकाम्या बाटल्या खरं सांगतात.

आणि एका सिस्टरकडे रात्री वीस पेशंट असतील तर तिला पाच वेळांचं पोस्टर दाखवू नका. तिला दोन हातच आहेत. शिकलेल्या सिस्टर गोव्याला, मुंबईला, आखातात जातात, त्यांना टिकवण्यासाठी दिलेले दोन हजार रुपये हा इन्फेक्शन कंट्रोलचाच खर्च समजा.

ओटी आणि हत्यारं

इथे हात आखडू नका. ऑटोक्लेव्हची टेप काळी झाली म्हणजे पॅक गरम झाला एवढंच कळतं, आतले जंतू मेले की नाही ते स्पोअर टेस्टने कळतं, आठवड्यातनं एकदा करा. १२१ अंशांच्या सायकलला गुंडाळलेल्या पॅकसाठी ३० मिनिटं, आणि ती मिनिटं तापमान गाठल्यावर मोजायची, बटण दाबल्यापासून नाही. आपल्याकडे पावसात लाईट जाते, सायकल मध्येच तुटते, लाईट आल्यावर मामा उरलेली दहा मिनिटं पूर्ण करतात. तसं चालत नाही, पहिल्यापासून. खाडीलगतच्या विहिरींना मचूळ पाणी असतं, ते ऑटोक्लेव्हला घातलं की क्षार बसतात आणि हत्यारांना गंज चढतो, खाऱ्या हवेने तो आधीच चढत असतो. गंजलेल्या खाचेत रक्त अडकतं, तिथे काही पोचत नाही. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी वापरलंत तर हत्यारं जास्त वर्षं जातील, तो खर्च त्यातच भरून येतो.

लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीची ऑपरेशनं) करत असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. दुर्बीण आणि लांब हत्यारं २ टक्के ग्लुटाराल्डिहाईड या जंतुनाशकात २० मिनिटं बुडवतात, मग नळाच्या पाण्याने विसळतात. पाण्यात मायकोबॅक्टेरियाचे काही चिवट प्रकार असतात, २० मिनिटांत त्यांचा भरवसा देता येत नाही आणि विसळताना परत लागतात ते वेगळंच. पेशंट छान घरी जातो, तीनचार आठवड्यांनी पोर्टच्या (हत्यार आत घालायच्या) भोकाशी गाठ येते, पाणी येतं, नेहमीचं अँटिबायोटिक लागू पडत नाही, आणि उपचार कित्येक महिने चालतात. खाटेचा खर्च जवळपास शून्य, पण नाव जातं, आणि तालुक्याच्या गावात एका पेशंटचं पोट महिनोनमहिने वाहतंय ही बातमी बाजारात पोचायला वेळ लागत नाही. जी हत्यारं ऑटोक्लेव्ह होतात ती ऑटोक्लेव्हच करा, सुटी करून, आतली नळी ब्रशने घासून. हत्यारांचा आणखी एक सेट घ्यायला लागेल, घ्या. द्रावण कॅनवर लिहिलेल्या दिवसांपलीकडे वापरू नका, आणि विसळायला स्टराईल पाणीच.

पेशंटची तयारी स्वस्तात होते: आदल्या संध्याकाळी साबणाने आंघोळ, वस्तरा नाही, केस काढायलाच हवे असतील तर क्लिपर, आणि कातडीला अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन लावून पूर्ण वाळू द्यायचं.

वॉर्डातल्या सवयी ज्यांना पैसे लागत नाहीत

सकाळी फोडलेली सलाईनची बाटली, तिच्या बुचात खुपसून ठेवलेली सुई, आणि दिवसभर सगळ्यांची व्हेनफ्लॉन त्याच बाटलीतनं फ्लश. अनेक ठिकाणी बघितलंय. त्याऐवजी १० मिलीचे अँप्युल घेतले तर खर्च वाढतो हे मान्य, पण एक बाटली बिघडली की अख्खा वॉर्ड थंडी वाजून कुडकुडतो. चिटल फोर्सेप (निर्जंतुक वस्तू उचलायचा चिमटा) सॅव्हलॉनच्या बरणीत उभा ठेवायची पद्धत बंद करा, फोर्सेप कोरडा ठेवा, रोज बदला. अँटिसेप्टिकच्या अर्ध्या बाटलीत नवीन ओतू नका, काही जंतू त्या द्रावणातच मजेत राहतात. ड्रेसिंगचा मोठा ड्रम दिवसभर उघडझाप करण्यापेक्षा एका पेशंटचा एक छोटा पॅक.

कॅथेटर ठेवलेला प्रत्येक दिवस महाग. दर दिवशी ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू येतात. रोज सकाळच्या राऊंडला सिस्टरने एकच विचारायचं, "डॉक्टर, याचं कॅथेटर काढू का?" पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता. व्हेनफ्लॉनवर घातल्याची तारीख लिहा, आणि तोंडाने गोळ्या घेणाऱ्या पेशंटच्या हातात ती "असूदे" म्हणून ठेवू नका.

नातेवाईकांचं काय करायचं हा प्रश्न आहेच. ऑपरेशन झालं की निम्मी वाडी बघायला येते, पेजेचा डबा घेऊन, खाटेवर बसून. हाकललंत तर तालुक्यात तुमचं नाव खराब. वेळ ठरवा, एका वेळी दोघं, बसायला बाक द्या म्हणजे खाटेवर बसणार नाहीत, आणि हँडरब त्यांनाही लावायला द्या. मावशींनी (वॉर्डातल्या आयांनी) सांगितलं की ऐकतात, डॉक्टरांनी सांगितलं की नुसती मान हलवतात.

पावसाळ्याचा वेगळा बजेट

मे संपायच्या आत हे व्हायला हवं, जूनमध्ये माणूस मिळत नाही. जांभ्याच्या भिंतींना ओल येते, रंगाखाली बुरशी धरते, ओटीची भिंत आधी. गळती बंद करा, मगच रंग. ओटीतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर जाऊ नये, आपल्याकडे जुलैत नुसत्या एसीवर ते जमत नाही, डीह्युमिडिफायर लागतो.

कपडे वाळत नाहीत हा सगळ्यात छळणारा प्रकार. अर्धवट ओल्या चादरी घडी करून कपाटात, मग वास. दोरीवर पंखा लावून काही होत नाही, ड्रायर घ्या, एकट्याला परवडत नसेल तर दोघातिघांत मिळून लाँड्री करा. मळकट कपडे ७१ अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं. ओटीचा पॅक ऑटोक्लेव्हमधनं ओला निघाला तर तो नापास, परत लावायचा. "काय होवचा नाय" म्हणून वापरू नका.

ब्लीचिंग पावडर दमट हवेत पाणी धरते आणि तिचा दम जातो, मोठं पोतं स्वस्त पडतं म्हणून घेतलंत तर ऑगस्टमध्ये पांढरी माती उरते. छोटी हवाबंद पॅक घ्या. हायपोक्लोराईटही (ब्लीचचं द्रावण) ऊन आणि उष्णतेने उतरतं, ५ टक्केवाल्याच्या एका भागाला चार भाग पाणी घातलं की १ टक्का होतं, रोज ताजं करा, आणि स्टीलच्या हत्यारांना लावू नका. टाकीत गढूळ पाणी आलं तर क्लोरीन तपासा.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी दुकानंघरं करत आत शिरलं तेव्हा तळमजल्यावर जे होतं ते गेलं. जनरेटर, ऑटोक्लेव्ह, स्टराईल स्टोअर वरच्या मजल्यावर नेता येतात का ते बघा, आणि पुराचं पाणी किंवा ओल लागलेला स्टराईल पॅक निर्जंतुक धरू नका. घाटात दरड आली की बायोमेडिकल कचऱ्याची गाडी येत नाही, २०१६ च्या नियमांप्रमाणे तो कचरा उपचाराविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून गाडी चुकली तर कोणाला कळवायचं ते आधीच लिहून ठेवा. करार खाटेवर आहे की किलोवर तेही बघा, किलोवर असेल तर पिवळ्या पिशवीत बिस्किटाचे पुडे टाकणं म्हणजे नुसतं नुकसान.

स्टाफचं राहू देऊ नका

हिपॅटायटिस बीच्या तीन लशी, ०, १ आणि ६ महिन्यांनी, सगळ्यांना, कचरा उचलणाऱ्या मामांना आधी. सुईला परत टोपण लावायचं नाही. सुई टोचली तर कोणी रागावणार नाही हे आधी सांगा, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लवकरात लवकर, दोन तासांत सुरू झालेली उत्तम आणि ७२ तासांच्या पुढे उपयोग नाही. लपवलं की वेळ गेली.

महिन्याचं एक पान

मालकांसमोर दर महिन्याच्या पाच तारखेला एकच पान. ऑपरेशनं किती, जखमा किती, कॅथेटर-दिवस किती, इन्फेक्शनं किती, जास्तीचे खाट-दिवस किती, त्यातले योजनेच्या पेशंटचे किती, हँडरब किती लिटर, अँटिबायोटिक किती रुपयांचं, स्पोअर टेस्ट पास का नापास. सिस्टरची नावं पानावर घालू नका, घातलीत तर पुढच्या महिन्यापासून आकडे आपोआप सुंदर यायला लागतील.

एकाच प्रकारचं इन्फेक्शन आठवड्यात दोनदा दिसलं तर महिना संपायची वाट बघायची नाही. त्या दोघांत काय सारखं होतं, ओटी, दिवस, हत्यारांचा सेट, सलाईनची बॅच, ते काढायचं आणि पूचं कल्चर पाठवायचं. चांगल्या मायक्रोबायोलॉजी लॅब आपल्या प्रत्येक तालुक्यात नाहीत, सॅम्पल कुरियरने कोल्हापूरला किंवा मुंबईला जातं, शनिवारी दुपारी काढलेलं सोमवारी निघतं आणि तोवर खराब होतं. पाचसहा हॉस्पिटलांनी मिळून लॅबशी ठरावीक वेळेचा पिकअप आणि ठरलेला दर बोलून घेतला तर दोन्ही सुटतं, त्याच करारात महिन्यातनं एक तास मायक्रोबायोलॉजिस्टचा फोनवर सल्लाही मागा. सरकारी दवाखान्यात काम करत असाल तर २०१५ पासूनच्या कायाकल्प या स्वच्छतेच्या योजनेत इन्फेक्शन कंट्रोलला वेगळे गुण आहेत, आणि केंद्राची जानेवारी २०२० ची इन्फेक्शन कंट्रोलची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्यांनाच मोफत आहेत, छापून सिस्टरच्या टेबलावर ठेवा, डॉक्टरांच्या कपाटात नको.